रंगाची साक्ष

प्रथिनांत आढळणारी वीस अमिनो आम्ले वीस बाटल्यांत भरली आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, तर मुरलेल्या रसायनशास्त्रज्ञालाही नुसत्या नजरेने त्यांतली कोणती कुठली हे खात्रीने सांगता येणार नाही. सगळ्या पांढऱ्या भुकट्या. टायरोसीन थंड पाण्यात जेमतेम विरघळते, सिस्टिइनला गंधकाचा वास येतो, एवढेच काय ते धागे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या प्रश्नाचे उत्तर रंगात शोधले गेले. रीएजंट घालायचा, तापवायचे, आणि नळीत कोणता रंग उतरतो ते पाहायचे.

आजही बारावी विज्ञान, डी.फार्म., बी.एस्सी. आणि वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी हे प्रयोग करतात. जर्नलमध्ये तीन रकाने आखलेले असतात: चाचणी, निरीक्षण, अनुमान. पहिले दोन बहुधा बरोबर असतात, गडबड तिसऱ्यात होते. नळी जांभळी झाली की 'अमिनो आम्ल आहे', पिवळी झाली की 'ॲरोमॅटिक आहे', लाल झाली की 'टायरोसीन आहे' असे लिहून पान उलटले जाते. या चाचण्यांचा इतिहास आणि त्यांच्यामागचे रसायन नीट पाहिले, तर हा तिसरा रकाना इतक्या घाईने भरता येणार नाही. रंग अमिनो आम्लाचे नाव सांगत नसतो. रेणूच्या एखाद्या भागाबद्दल तो साक्ष देतो. नाव आपल्याला त्या साक्षीवरून आणि जे रंग आलेच नाहीत त्यांवरून तर्काने काढावे लागते. हा तर्कच या प्रात्यक्षिकाचा गाभा आहे, आणि नेमका तोच शिकवायचा राहून जातो.

अमिनो आम्लाच्या रेणूतला एक भाग सगळ्यांचा सारखाच असतो: मधल्या कार्बनला एकीकडे अमिनो गट, दुसरीकडे कार्बॉक्सिल गट. वेगळेपण असते ते त्याच कार्बनला लागलेल्या पार्श्वसाखळीत. ग्लायसीनमध्ये तिथे नुसता हायड्रोजन असतो, टायरोसीनमध्ये फिनॉलचे वलय, ट्रिप्टोफॅनमध्ये इंडोल, आर्जिनीनमध्ये ग्वानिडीन गट, सिस्टिइनमध्ये गंधक. त्यामुळे चाचण्याही दोन प्रकारच्या झाल्या. काही सामायिक भागावर चालतात, तर काही पार्श्वसाखळीवर. पहिल्या प्रकारातली सर्वांत नावाजलेली चाचणी म्हणजे निनहायड्रिन.

१९१० मध्ये केंब्रिजमध्ये सिगफ्रीड रूहेमान वेगळेच संयुग करायला गेले आणि त्यांच्या हाती ट्रायकीटोहायड्रिंडीन हायड्रेट आले. ते कातडीला लागले की डाग पडतो आणि अमिनो आम्लाबरोबर तापवले की गडद जांभळा रंग येतो, हे त्यांच्या लक्षात आले. ते संयुग म्हणजेच निनहायड्रिन, आणि त्या रंगद्रव्याला अजूनही रूहेमानचा जांभळा म्हणतात. या अभिक्रियेत अमिनो आम्लाचे अक्षरशः तुकडे होतात. कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. पार्श्वसाखळी ॲल्डिहाइडच्या रूपात सुटी होते. उरलेला नायट्रोजन निनहायड्रिनच्या दोन रेणूंच्या मधोमध अडकतो, आणि जांभळा रंग असतो तो या जोडीचा. म्हणजे रंगद्रव्यात मूळ अमिनो आम्लाचा एकुलता एक नायट्रोजन अणू शिल्लक असतो. ज्या पार्श्वसाखळीमुळे ल्यूसीन हे ल्यूसीन ठरते, ती तोवर केव्हाच बाहेर पडलेली असते. जांभळ्या नळीकडे पाहून 'हे ग्लायसीन की ॲलनिन' हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण दोन्हीकडून तयार झालेले रंगद्रव्य एकच आहे. अमोनियासुद्धा हाच रंग देतो.

ठळक अपवाद प्रोलीनचा, आणि त्याच्या भावकीतल्या हायड्रॉक्सिप्रोलीनचा. त्यांचा नायट्रोजन वलयात गुंतलेला असल्यामुळे तो दोन निनहायड्रिन रेणूंमध्ये तशा रीतीने अडकू शकत नाही, आणि रंग पिवळा येतो. निनहायड्रिनच्या नळीत नावाच्या जवळ जाणारा रंग असेल तर मुख्यतः हाच.

मग जी चाचणी कोणाचेच नाव सांगत नाही तिला इतके महत्त्व का आले? याचे उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या लोकर संशोधन संस्थेत सापडते. तिथे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकरीतल्या अमिनो आम्लांचे पृथक्करण करत होते, आणि १९४४ मध्ये कॉन्सडन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी कागदी क्रोमॅटोग्राफीची पद्धत प्रसिद्ध केली. ओळख पटवण्याचे काम त्यांनी रंगाकडून काढून जागेकडे दिले. रंगाने फक्त 'इथे काहीतरी आहे' एवढे सांगायचे, आणि काय आहे ते कागदावरच्या जागेवरून ठरवायचे. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच दिशेच्या कामासाठी.

हा प्रयोग ज्यांनी केला आहे त्यांना त्यातला आनंद ठाऊक असेल. व्हॉटमन नंबर १ कागदाच्या खालच्या कडेपासून दोनेक सेंटीमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढायची. शाई चालत नाही, कारण ती द्रावकाबरोबर वर पळते. केशनळीने रेघेवर बारीक ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा त्याच जागी द्यायचा. मग ब्युटॅनॉल, ॲसिटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात कागदाची खालची कड बुडवून बरणी झाकायची. द्रावक तासन्‌तास वर चढत राहतो. लायसीनसारखी पाण्याला धरून राहणारी अमिनो आम्ले खाली रेंगाळतात, ल्यूसीन आणि फिनिलॲलनिन वर जातात. कागद काढून वाळवला की तो पूर्ण कोरा दिसतो. त्यावर निनहायड्रिन फवारून ओव्हनमध्ये साधारण १०० अंश सेल्सियसला ठेवला की काही मिनिटांत आधी गुलाबी छटा, मग जांभळे ठिपके एकामागून एक उमटतात, आणि मिश्रणात प्रोलीन असेल तर मध्येच एक पिवळा. त्याच वेळी कागदाच्या कडेला आणखी काहीतरी उमटते. विद्यार्थ्याने कागद चिमट्याऐवजी बोटांनी धरला असेल, तर बोटाच्या रेषा जांभळ्या होऊन दिसतात. घामात अमिनो आम्ले असतात, आणि निनहायड्रिनला ती तेवढीही पुरतात.

स्वीडनमधल्या ओडेन आणि फॉन हॉफस्टेन यांनी १९५४ मध्ये सुचवले की बोटांचे अदृश्य ठसे उठवण्यासाठीच निनहायड्रिन वापरावे. जगभरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ते आजही रोजच्या वापरात आहे. चेक, मृत्युपत्र, निनावी चिठ्ठी, म्हणजे सच्छिद्र कागदावरचे काहीही. कागदाच्या तंतूंत अमिनो आम्ले घट्ट बसून राहतात आणि सहसा पसरत नाहीत, म्हणून जुने ठसेही उठतात. इथे तपास अधिकाऱ्याला सेरीन की ग्लायसीन याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याला हवी असते ती रेषांची ठेवण. नाव सांगू न शकणारा रंग इथे पूर्ण उपयोगी पडतो, कारण त्याला नाव विचारलेलेच नसते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी याच तथाकथित उणिवेचा फायदा करून घेतला. सगळ्या अमिनो आम्लांपासून एकच रंगद्रव्य होत असेल, तर रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजता येईल, आणि ते प्रत्येकासाठी एकाच मापाने. प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून सुट्टे करायचे, रेझिनच्या स्तंभातून अमिनो आम्ले एकेक करून बाहेर काढायची, प्रत्येकाला निनहायड्रिन मिळवायचे, आणि जांभळ्यासाठी ५७० व पिवळ्या प्रोलीनसाठी ४४० नॅनोमीटरवर प्रकाशाचे शोषण मोजायचे. १९५८ मध्ये स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी हे सगळे आपोआप करणारे यंत्र तयार केले, आणि आधी कित्येक दिवस खाणारे पृथक्करण दिवसभरात होऊ लागले. रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकराची रचना उलगडण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. दोघांना १९७२ मध्ये नोबेल मिळाले. या पद्धतीतही एक दरी राहतेच: आम्लात उकळताना ट्रिप्टोफॅन नष्ट होते, आणि ॲस्परॅजीन व ग्लुटामीन यांचे अनुक्रमे ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्लांत रूपांतर होते. जे नळीत उरलेच नाही त्याचा रंग कुठून येणार?

दुसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे पार्श्वसाखळी ओळखणाऱ्या चाचण्यांपैकी पहिली विद्यार्थ्यांच्या बोटांवरच दिसते. संहत नायट्रिक आम्ल कातडीला लागले की पिवळा डाग पडतो, आणि तो धुऊन जात नाही. कातडीतल्या प्रथिनांतल्या वलयांवर नायट्रो गट बसलेले असतात. झँथोप्रोटिक चाचणी हीच: नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून तापवले की पिवळा, आणि थंड करून अल्कली घातली की नारिंगी. पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यात तिच्यासमोर सरसकट 'ॲरोमॅटिक अमिनो आम्ले' असे लिहिलेले असते, आणि माझी तक्रार इथे आहे. टायरोसीनचे वलय हायड्रॉक्सिल गटामुळे नायट्रेशनला उत्सुक असते, ट्रिप्टोफॅनचे इंडोलही तसेच. फिनिलॲलनिनच्या वलयावर असा मदतनीस गट नाही, त्यामुळे नुसत्या नायट्रिक आम्लाने त्याचा रंग जवळपास येतच नाही, त्यासाठी सल्फ्यूरिक आम्लाची जोड लागते. तरीही फिनिलॲलनिनपुढे 'पिवळा रंग आला' असे लिहिलेली जर्नले मी कितीतरी पाहिली आहेत. मुलांना नळी पारदर्शक दिसली होती, पण तक्त्यात पिवळा होता, म्हणून त्यांनी पिवळा लिहिला. प्रयोगाने जे शिकवले ते तक्त्याने पुसून टाकले, आणि त्याला गुणही मिळाले. विज्ञानशिक्षणाचे याहून मोठे नुकसान मला दुसरे दिसत नाही.

टायरोसीन लीबिग यांनी १८४६ मध्ये दुधातल्या केसीनपासून मिळवले, आणि तीन वर्षांनी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिलॉन यांनी नायट्रिक आम्लात पारा विरघळवून त्यासाठीचा रीएजंट दिला. प्रथिनाच्या द्रावणात तो घातला की आधी पांढरा साका बसतो, आणि तापवल्यावर तो विटकरी लाल होतो. चाचणी देखणी आहे, पण तिला दिसतो तो फिनॉलचा गट. सॅलिसिलिक आम्लही लाल रंग देते. नमुन्यात मीठ असेल तर क्लोराइडशी पारा बांधला जातो आणि चाचणी फसते. शिवाय वापरलेला पारा बेसिनमधून थेट गटारात जातो. अलीकडे अनेक महाविद्यालयांनी ही चाचणी बंद केली आहे, आणि ते योग्यच झाले.

सल्फॅनिलिक आम्लाचे डायझोटीकरण करून, बर्फात गार ठेवून वापरायची पाउली चाचणी १९०४ ची. हिस्टिडीन आणि टायरोसीन दोघेही तिला लाल-नारिंगी छटा देतात. जपानी शास्त्रज्ञ साकागुची यांनी १९२५ मध्ये दिलेली अल्फा-नॅफ्थॉल आणि हायपोब्रोमाइटची चाचणी आर्जिनीनच्या ग्वानिडीन गटावर लाल रंग देते. पाउली आली आणि मिलॉन आली नाही, तर हिस्टिडीन. दोन्ही आल्या, तर टायरोसीन आहे हे नक्की, पण सोबत हिस्टिडीन आहे की नाही ते सांगता येत नाही. एका रंगावर न थांबता दोन रंगांची सांगड घातली की नाव कसे जवळ येते आणि कुठे अडते, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे नाही.

गंधकाच्या चाचणीत न आलेला रंग आणखी ठळकपणे बोलतो. सिस्टिइन किंवा त्याची जोडी असलेले सिस्टिन सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळले की गंधक सल्फाइडच्या रूपात सुटते, आणि लेड ॲसिटेटचे दोन थेंब पडताच नळी काळी होते. केस आणि लोकर उकळली तरी हेच होते. मेथिओनीनमध्येही गंधक आहे, पण ते दोन कार्बनांच्या मध्ये पक्के बसलेले, अल्कलीला न सुटणारे. नळी स्वच्छ राहते. 'चाचणी नकारात्मक, म्हणून गंधक नाही' असे अनुमान काढले तर ते साफ चुकीचे ठरेल. बरोबर अनुमान असे, की अल्कलीत सुटणारे गंधक नाही.

आता ज्या चाचणीने पोषणशास्त्राचे दार उघडले तिच्याकडे येतो. १८७४ मध्ये ॲडॅमकीविच यांनी नोंदवले होते, की प्रथिन ग्लेशियल ॲसिटिक आम्लात घेऊन त्यात संहत सल्फ्यूरिक आम्ल घातले की जांभळा रंग येतो. पंचवीस-सव्वीस वर्षे ही चाचणी सगळीकडे वापरली जात होती. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या प्रात्यक्षिकांत मात्र ती कधी यायची, कधी यायची नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी 'तुझा हात नीट नाही, पुन्हा कर' असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी उलट प्रश्न विचारला: ॲसिटिक आम्लाच्या एका बाटलीने रंग येतो आणि दुसरीने येत नाही, तर रंग मुळात ॲसिटिक आम्लामुळे येतो का? १९०१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की येत नाही. काही बाटल्यांत भेसळ म्हणून अत्यल्प ग्लायऑक्सिलिक आम्ल असते, आणि रंग त्याच्यामुळे येतो. शुद्ध ॲसिटिक आम्ल वापरले की चाचणी फसणारच.

दोघे तिथेच थांबले नाहीत. ग्लायऑक्सिलिक आम्ल प्रथिनातल्या कोणत्या भागाला पकडते, हा पुढचा प्रश्न होता. प्रथिन पचवल्यावर ब्रोमिनच्या पाण्याने जांभळे होणारे काहीतरी सुटते हे आधीच माहीत होते, त्याला ट्रिप्टोफॅन असे नावही देऊन झाले होते, पण ते वेगळे काढायला कोणाला जमले नव्हते. हॉपकिन्स आणि कोल यांनी केसीन पचवून, प्रत्येक टप्प्यावर आपल्या नव्या चाचणीने माग काढत, ते स्फटिकरूपात मिळवले. कोणत्या भांड्यात ट्रिप्टोफॅन गेले आणि कोणत्यात नाही हे त्यांना रंग सांगत होता. फसलेल्या प्रात्यक्षिकातून एक नवे अमिनो आम्ल हाती आले, ते असे.

मग हॉपकिन्स यांनी उंदरांकडे मोर्चा वळवला. मक्यातल्या झीन या प्रथिनाला हॉपकिन्स-कोल चाचणी येत नाही, म्हणजे त्यात ट्रिप्टोफॅन नाही. १९०६ मध्ये एडिथ विलकॉक आणि हॉपकिन्स यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त झीन दिले. ते लवकर मेले. त्यात ट्रिप्टोफॅन मिसळले तेव्हा ते स्पष्टपणे जास्त जगले, वाढले मात्र नाहीत. झीनमध्ये लायसीनही नसते, आणि दोन्ही मिसळल्यावर उंदीर वाढतात हे पुढे ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी दाखवले. शरीराला काही अमिनो आम्ले बाहेरूनच मिळावी लागतात, हा आज शाळेत शिकवला जाणारा विचार इथून उभा राहिला. याआधी पॅरिसमध्ये हाडांच्या जिलेटिनचे सूप गरिबांना पुरेल का यावर कित्येक वर्षे खल झाला होता, आणि माजांदी यांच्या समितीने १८४१ मध्ये नुसत्या जिलेटिनवर जगता येत नाही असा निष्कर्ष दिला होता. का येत नाही, ते तेव्हा कळले नव्हते. हॉपकिन्स-कोल चाचणी जिलेटिनला येत नाही यात त्याचा एक भाग दडलेला होता.

ट्रिप्टोफॅनपासून शरीर थोडे नायसिन तयार करते, आणि दोन्ही कमी पडले की पेलाग्रा होतो. हा रोग जगभर मका खाणाऱ्यांचा म्हणून ओळखला गेला, पण दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसत होता. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले की ज्वारीत ल्यूसीन फार असते आणि ते या साखळीत अडथळा आणते. त्यावर पुढे बराच वाद झाला. तरी एका अमिनो आम्लाची कमतरता आणि दुसऱ्याची जास्ती एकत्र पाहायला हवी, हा त्यांचा आग्रह महत्त्वाचा होता.

हॉपकिन्स-कोल चाचणीचे आपल्याकडचे रोजचे रूप मात्र दुधात आहे. दूध टिकावे म्हणून कोणी त्यात फॉर्मेलिन घातले असेल, तर परीक्षानळीतल्या दुधात कडेने हळूच संहत सल्फ्यूरिक आम्ल सोडतात. आम्ल जड असल्याने तळाशी बसते, आणि दोन थर जिथे भेटतात तिथे जांभळे किंवा निळे कडे दिसते. नळी हलवली की सगळे तापून काळे पडते आणि कडे जाते, म्हणून हात स्थिर हवा. शुद्ध दुधात फार तर हिरवट किंवा तपकिरी रेघ दिसते. यातले रसायन ट्रिप्टोफॅनच्या चाचणीचेच, फक्त प्रश्न उलटा केलेला. प्रयोगशाळेत ॲल्डिहाइड, म्हणजे ग्लायऑक्सिलिक आम्ल, आपण घालतो आणि ट्रिप्टोफॅन शोधतो. दुधात केसीनचे ट्रिप्टोफॅन आधीच हजर असते, आणि आपण बाहेरून आलेले ॲल्डिहाइड शोधतो. एकच रंग दोन वेगळ्या गोष्टींची साक्ष देतो, आणि कोणत्या ते आपण नळीत काय घातले यावर ठरते.

बाय्यूरेटबद्दल थोडक्यात. अल्कलीत तांब्याचे आयन पेप्टाइड बंधांच्या नायट्रोजनांशी जोडले जाऊन जांभळा रंग देतात. त्यासाठी किमान दोन पेप्टाइड बंध लागतात, म्हणून सुट्या अमिनो आम्लांना ती साधारणपणे येत नाही. निनहायड्रिन गडद आणि बाय्यूरेट नकारात्मक, तर साखळी तुटलेली आहे असे समजायचे. पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर 'टोटल प्रोटीन' म्हणून जो आकडा येतो तो बहुतेक ठिकाणी आजही याच जांभळ्या रंगावरून काढलेला असतो.

या साऱ्या चाचण्यांत माणसाच्या आयुष्याशी सर्वांत थेट भिडलेली चाचणी अमिनो आम्लाला ओळखतच नाही. १९३४ मध्ये ऑस्लोत आसब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे एक आई आली. तिच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती, आणि त्यांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येत असे. अनेक डॉक्टरांनी तिला परत पाठवले होते. फॉलिंग यांनी मुलांची लघवी तपासली. मधुमेहात कीटोन पाहण्यासाठी तेव्हा फेरिक क्लोराइड घालत, आणि कीटोन असतील तर लालसर जांभळा रंग येई. इथे गडद हिरवा आला आणि काही मिनिटांत विरला. एखाद्या औषधाचा हा परिणाम असेल, म्हणून त्यांनी मुलांची सगळी औषधे बंद करायला लावून पुन्हा नमुना मागवला. पुन्हा हिरवा. मग वीसेक लिटर लघवीतून त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला: फिनिलपायरुविक आम्ल. फिनिलॲलनिनचे टायरोसीन करणारा विकर काम करत नसल्याने ते साचून या वाटेने बाहेर पडत होते. फॉलिंग यांनी संस्थांमध्ये ठेवलेल्या ४३० जणांची तपासणी केली आणि आणखी आठ जणांत तोच हिरवा रंग पाहिला. आज आपण या विकाराला फिनिलकीटोन्युरिया म्हणतो.

त्या आईचा प्रश्न डॉक्टरांनी गांभीर्याने घेतला, हे मला हिरव्या रंगाइतकेच मोलाचे वाटते. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी फिनिलॲलनिन कमी असलेल्या आहाराने फरक पडतो हे दाखवले. आहार लवकर सुरू केला तर मेंदू वाचतो, पण फेरिक क्लोराइडचा रंग बाळ काही आठवड्यांचे झाल्यावर येतो, आणि तोवर नुकसान सुरू झालेले असते. हिरवा रंग खरे बोलत होता, फक्त उशिरा. म्हणून रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात टाचेच्या रक्ताच्या थेंबावर जिवाणूंच्या वाढीने फिनिलॲलनिन मोजण्याची रीत आणली. कर्नाटकात १९८० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. अप्पाजी राव आणि सहकाऱ्यांनी हजारो नवजात बालकांच्या रक्तातली अमिनो आम्ले क्रोमॅटोग्राफीने तपासली. गोवा सरकारने २००८ मध्ये राज्यातल्या नवजात बालकांसाठी असा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा तपासणी रंगांकडून वस्तुमानाकडे, म्हणजे टँडेम मास स्पेक्ट्रोमीटरकडे गेली होती.

ठसे, दूध, टोटल प्रोटीन, आणि पेप्टाइड तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत रेझिनच्या मण्यांवर अमिनो गट मोकळा उरला आहे का हे पाहणारी निनहायड्रिनवर आधारित कायझर चाचणी, एवढ्या ठिकाणी रंग आजही कामावर आहे. बाकी त्याची मुख्य जागा शिकवण्यात आहे, आणि तिथे तो नीट वापरला जावा यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक चाचणीत तीन नळ्या असाव्यात: नुसत्या पाण्याची, माहीत असलेल्या अमिनो आम्लाची, आणि अज्ञात नमुन्याची. जिलेटिन आणि अंड्याचा पांढरा भाग शेजारी शेजारी ठेवून सगळ्या चाचण्या कराव्यात, कारण कोणता रंग कुठे येत नाही ते तिथे डोळ्यांना दिसते. फिनिलॲलनिनची नळी स्वच्छ राहिली असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळावेत. अज्ञात नमुना म्हणून कधी व्हॅलीन किंवा ल्यूसीन द्यावे. निनहायड्रिन जांभळी येईल, बाकी सगळ्या नकारात्मक, आणि विद्यार्थ्याला लिहावे लागेल की ग्लायसीन, ॲलनिन, व्हॅलीन, ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि अशीच आणखी काही यांतले कोणते ते रंगाने ठरत नाही, कागदावर चालवून पाहावे लागेल. हे उत्तर बरोबर आहे आणि पूर्ण आहे.

नवी यंत्रेही या अडचणीतून सुटलेली नाहीत. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन यांचे रेणुसूत्र एकच, वस्तुमानही एकच, आणि हायड्रॉक्सिप्रोलीनचे वस्तुमान त्यांच्या इतके जवळ की नवजात तपासणीच्या यंत्राला तिघे एकाच आकड्यावर दिसतात. मेपल सिरप विकारात ल्यूसीन वाढते. तो आकडा वाढलेला दिसला की बाळाला मेपल सिरप विकार आहे असे लगेच म्हणता येत नाही, कारण निरुपद्रवी हायड्रॉक्सिप्रोलीन वाढले असले तरी आकडा तोच येतो. मग नमुना स्तंभातून चालवतात. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन आपापल्या वेळेला बाहेर पडतात, आणि स्तंभाच्या टोकाला निनहायड्रिन असेल तर दोघे जांभळे उमटतात, हायड्रॉक्सिप्रोलीन पिवळे.